बशी उलटून पाहावी

सेंट पीटर्सबर्गला गेलेला माणूस हर्मिटेज संग्रहालयाच्या मुख्य राजवाड्यातच दमतो. मीही दमले होते, तरी शेवटच्या दिवशी मेट्रोने लोमोनोसोवस्काया स्टेशन गाठलंच. तिथे नेवा नदीकाठी १७४४ सालचा चिनी मातीच्या भांड्यांचा कारखाना अजून चालू आहे आणि त्याचं संग्रहालय आता हर्मिटेजकडे आहे.

झारिणींचे सोनेरी डिनर सेट मी झपाझप मागे टाकले. मला हवी होती याच कारखान्यात बशा रंगवणारी चित्रकार अलेक्झांड्रा श्चेकातिखिना-पोतोत्स्काया. हॉटेलात दहादा घोकलेलं नाव, पण दालनातल्या आजीबाईंसमोर बोबडी वळलीच! त्यांनी हसून बोटानेच कपाट दाखवलं.

समोर बशी होती घंटा वाजवणाऱ्याची. रंग जत्रेतल्या खेळण्यांसारखे भडक, ब्रश मोकळा, मधे मधे पांढरी माती तशीच सोडलेली. हा गडी चर्चच्या घंटा बडवतोय, पण जयजयकार चाललाय सोव्हिएतांच्या, म्हणजे क्रांतीनंतर सत्तेवर आलेल्या लोकपरिषदांच्या, आठव्या अधिवेशनाचा. डिसेंबर १९२०मधलं हे अधिवेशन; देशभर वीज नेण्याची योजना यातच मंजूर झाली. विजेच्या स्वागताला देवळातली घंटा! मला तर यात थट्टा दिसेना. बाई जुन्या कर्मठ पंथातल्या घरातली, आजोबा देवचित्रं रंगवणारे. आनंदाची बातमी आली की घंटा वाजते, एवढं तिला लहानपणापासून ठाऊक.

खरी गंमत अशा बशांच्या पाठीवर असते. १९१८मध्ये कारखाना सरकारजमा झाला, तेव्हा कोठारात झारच्या काळातल्या कोऱ्या बशांचे ढीग होते. त्याच रंगवायला घेतल्या. झारची मुद्रा झिलईखाली, खरवडून निघणार कशी? मग तिच्यावर रंगाचा ठिपका फासायचा आणि शेजारी विळा-हातोडा काढायचा.

पुढे अलेक्झांड्रा इजिप्तला गेली. तिथे १९२३मध्ये चित्रकार इव्हान बिलिबिनशी लग्न, मग पॅरिस, आणि १९३६मध्ये दोघं लेनिनग्राडला, म्हणजे याच सेंट पीटर्सबर्गला, परत. १९४२मध्ये शहराला पडलेल्या जर्मन वेढ्यात बिलिबिन गेला. ती मात्र याच कारखान्यात १९५३पर्यंत रंगवत राहिली.

निघताना कारखान्याच्या दुकानातून निळ्या जाळीचा एक कप घेतला. खिशाला जरा जडच गेला. सवयीने उलटा करून पाहिला, तर बुडाशी झारचा दोन डोक्यांचा गरुड. विकणाऱ्या मुलीला वाटलं, मी तडा शोधतेय. तिने लगेच दुसरा काढून दिला.