डंपरच्या पोटातला चुना

आजचा अख्खा दिवस १०० टनी डंपरच्या पोटात गेला. चंद्रपूरचा मे, कोळसा भरून खाणीचा चढ चढला की तापमानाचा काटा लाल पट्ट्यात. रेडिएटर बाहेरून लख्ख, बेल्ट ठीक, पंपही ठीक. थर्मोस्टॅट (इंजिनच्या पाण्याची वाट उघडणारी-मिटणारी झडप) काढून आत बोट फिरवलं तर चहाच्या पातेल्याला बसतो तसा पांढरा थर! कूलंटऐवजी (इंजिन थंड ठेवणारा द्रव) बोअरचं पाणी ओतल्याचा प्रताप. चुन्याचा पातळ थरही उष्णता अडवतो. बिचारं पाणी फिरून काय करणार?

नवा पोऱ्या म्हणाला, "काका, संडासचं अ‍ॅसिड टाकू का? स्वस्तात होईल." म्हटलं, बाबा, आतलं अ‍ॅल्युमिनियम तुझा पगार कापून भरायचं का? सायट्रिक अ‍ॅसिड कोमट पाण्यात कालवलं, थर्मोस्टॅट न बसवताच इंजिन चालवून फिरवलं. ड्रेन कॉक उघडला तर गढूळ, तांबूस पाणी. मग उरलेलं अ‍ॅसिड मारायला सोड्याचं पाणी, मग साधं, पुन्हा साधं. निळा लिटमस लाल व्हायचा थांबेपर्यंत. तो कंटाळला, मी नाही (खोटं, मीही).

संध्याकाळी डिमिनरलाइज्ड (क्षार काढलेलं) पाणी आणि कूलंट भरून कोळशाने लादलेला डंपर चढावर पाठवला. काटा हिरव्यातच. बोअरचा पाइप मी उचलून माझ्या लॉकरमागे ठेवलाय.