शिकलेली असून ऐकलंच कसं?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. हा प्रश्न मला आधी डॉक्टरांनी विचारला, मग माझ्या सख्ख्या भावाने, मग पतसंस्थेतल्या मॅडमनी डबा खाता खाता. परवा शुगरच्या मुलांच्या पालकांची भेट होती, तिथे एका तरुण आईने सगळ्यांसमोर विचारलं, "ताई, तुम्ही बी.कॉम. झालेल्या, हिशेबाचं काम करता. महाराजांनी सांगितलं म्हणून पोराचं पाणी बंद केलंत?" दर वेळी मी थोडं सांगते, समोरच्याची मान नकारार्थी हलायला लागते आणि मी गप्प होते. आज गप्प होत नाही.

महाराजांचं नाव सांगणार नाही. घाबरते म्हणून नव्हे. नाव कळलं की ऐकणाऱ्याला हायसं वाटतं, "हां, ते तसलेच, आमचे तसे नाहीत." ती सुटका मला कुणाला द्यायची नाही. सोलापुरात अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर तिन्ही हाताशी. इथे घराला गुरू असणं म्हणजे घराला दार असण्यासारखंच.

आणि सत्संगाने मला काही दिलंच नाही, असंही मी म्हणणार नाही. ह्यांचा तंबाखूचा मावा तिथेच सुटला. अकरा वर्षांची सवय, मी भांडून, रडून, माहेरी जाऊन सुटली नव्हती. सासरे अंथरुणाला खिळले तेव्हा गटातल्या बायका आळीपाळीने डबे घेऊन आल्या. सासूबाईंचं आणि माझं बोलणं सुरू झालं तेही तिथेच, महाराजांनी दोघींना समोर बसवलं म्हणून. ज्या माणसाचे तीन सल्ले खरे ठरले, त्याचा चौथा तपासून घ्यावा असं मनात येत नाही हो. तुम्ही म्हणाल यायला हवं होतं. हवंच होतं. पण आलं नाही, हे खरं आहे.

2019 सालचा उन्हाळा. धाकटा नऊ वर्षांचा. होळीनंतर तो अंथरुणात लघवी करायला लागला. चार वर्षांचा असतानाच ती सवय सुटली होती, म्हणून मला जास्त राग. गुरुवारी प्रश्न विचारायची सोय असायची, मी विचारलं. महाराजांनी आधी श्लोक म्हटला, "लालयेत् पञ्च वर्षाणि दश वर्षाणि ताडयेत्." पाच वर्षं लाड, पुढची दहा वर्षं धाक. मग म्हणाले, हे शरीराचं नाही, मनाचं आळसावणं आहे. दिवे लागले की पाणी बंद. ओली चादर त्याची त्यानेच धुवायची. तरी नाही सुधारला तर छडी, पण रागाने नाही, शांत मनाने मारायचं.

ते "शांत मनाने" मला फार पटलं होतं. मी आधीही मुलांना मारत होतेच. मारलं की रात्रभर खायला उठायचं. महाराजांनी ती टोचणी काढून टाकली. आता मारणं हे कर्तव्य झालं. मी ऐकलं कसं, याचं एक उत्तर हे आहे, आणि ते मी आजवर भावालाही सांगितलेलं नाही. मला सल्ला नको होता, परवानगी हवी होती.

पोरगा मोरीत उकिडवा बसून चादर धुवायचा. आमच्याकडची चादर कशी असते तुम्हाला ठाऊक आहे, भिजली की मोठ्या माणसालाही पिळवत नाही. एक टोक नळाला गुंडाळून तो दुसरं टोक दोन्ही हातांनी पिळायचा, मग खांद्यावर घेऊन गच्चीवर. पाठीवरून पाणी ओघळायचं. मी खालून बघायची आणि मला वाटायचं, जबाबदारी शिकतोय.

गच्चीवर शेजारच्या अक्का विडीची पानं कापत बसलेल्या असायच्या. चौथी शिकलेल्या, घरात तेलुगू. एक दिवस चादर धुवायच्या आधीच मी गच्चीवर टाकून ठेवली होती. अक्कांनी हाक मारली. "ये, चादरीला मुंग्या कशाला लागल्यात बघ की. आमच्या म्हाताऱ्याचं असंच व्हायचं. पोराची साखर बघून घे." मी वाकून पाहिलं. ओल्या डागाच्या कडेकडेने मुंग्यांची रांग होती, डागाच्या आकाराची, कुणी पेन्सिलने गिरवल्यासारखी. मी म्हटलं, दूध सांडलं असेल. तरी गुरुवारी गटाच्या ताईंना सांगितलं. ताईंनी पुढे विचारलं आणि निरोप आणला, एवढ्या लहान मुलाला साखर नसते.

ह्यांनाही दिसलं होतं. हे अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत युनिफॉर्म शिवणाऱ्या कारखान्यात कटिंग मास्टर. एप्रिलमध्ये नव्या शाळेच्या पँटसाठी टेप लावला, तर कंबर 24 ची 22 झालेली. मला म्हणाले, "पोरगं उतरलंय गं." मी म्हटलं, उंची वाढतेय, अंगाने बारीक होणारच. रोज आकडे जुळवणारी बाई मी. दोन इंचांचा फरक मी खपवून घेतला.

आता ती रात्र.

मे महिना, बुधवार. दुपारी पोरगा दोनदा ओकला, पोट दुखतंय म्हणाला. ऊन 43 च्या घरात, मला वाटलं ऊन लागलं. कांदा फोडून हुंगायला दिला आणि दोन पेले पन्हं पाजलं, गुळाचं. साडेसातला त्याने पाणी मागितलं. मी घड्याळाकडे पाहिलं.

आजही जे आठवतं ते मारणं नाही, हे घड्याळाकडे पाहणं आहे. समोर ओकून ओकून ओठ फुटलेलं मूल, हातभर अंतरावर माठ, आणि मी दिवे लागले का ते बघतेय. मी म्हटलं, "सकाळी." त्याने हट्ट केला नाही. त्याच्या न रडण्याचंही मला बरं वाटलं, म्हणजे शिस्त लागतेय.

ताईंना फोन केला. त्या म्हणाल्या, उद्या गुरुवारच आहे, सकाळी घेऊन या, तोवर अंगारा लावा. मी लावला.

दोनच्या सुमारास मोरीत आवाज झाला. आमच्याकडे पाणी चार-पाच दिवसांनी येतं, म्हणून निळं पिंप कायम भरलेलं. पोरगा अंधारात झाकण सरकवून पिंपात वाकला होता. तांब्यासुद्धा घेतला नव्हता, तोंडच पाण्यात. मी दंड धरून मागे ओढलं आणि पाठीत दोन धपाटे घातले. शांत मनाने नाही, अशांतही नाही, झोपेतल्या माणसासारखे. तो म्हणाला, "आई, थोडंच प्यायलो." नंतर कळलं, महिनाभर तो रोज रात्री असं पीत होता. झाकणाचा आवाज होऊ नये म्हणून खाली फडकं घालायचा. माझं ऐकून तो खरंच तहानलेला राहिला असता तर काय झालं असतं, हे मला डॉक्टरांना विचारायचा धीर झाला नाही.

चारच्या आसपास मी त्याच्या श्वासाने जागी झाले. धावून आल्यासारखा, पण खोल, पोटातून ओढून घेतलेला श्वास. तोंडाला वास येत होता, फार पिकलेल्या फळासारखा गोड. हाक मारली तर डोळे उघडायचे आणि पुन्हा मिटायचे. ह्यांनी मला काही विचारलं नाही. उचललं आणि निघाले. अक्कांच्या मुलाने रिक्षा काढली.

दवाखान्यात बोटातून रक्ताचा थेंब घेतला. मशीनवर 512 आकडा आला. डॉक्टर पोरगीच होती, पंचवीस-सव्वीसची. सलाईन लावता लावता तिने विचारलं, "पाणी किती पीत होता?" मी म्हटलं, संध्याकाळनंतर देत नव्हतो. तिने हात थांबवला नाही, फक्त मान वर केली. हा प्रश्न मला पहिल्यांदा तिच्या डोळ्यांनी विचारला. तीन दिवस तो अतिदक्षता विभागात होता.

आजार टाइप वन डायबेटीस. म्हाताऱ्या माणसांना होतो तो नव्हे. यात शरीर स्वतःच्याच इन्सुलिन करणाऱ्या पेशी मारून टाकतं. गोड खाल्ल्याने होत नाही, आईच्या चुकीने होत नाही, लहान मुलांनाही होतो. रक्तातली साखर साधारण 180 च्या वर गेली की ती लघवीवाटे बाहेर पडायला लागते आणि जाताना पाणी ओढून नेते. म्हणजे मी पाणी बंद केलं तरी लघवी थांबणार नव्हती, पोरगा आतून कोरडा होत जाणार होता. रात्री कोरडं राहणारं मूल पुन्हा अंथरूण ओलं करायला लागलं, सारखं पाणी मागायला लागलं, वाळायला लागलं, तर त्याच दिवशी साखर तपासा. पाच मिनिटांचं काम आहे. इन्सुलिन माणसाला पहिल्यांदा दिलं गेलं ते 1922 साली, चौदा वर्षांच्या मुलाला. त्याआधी अशी मुलं वाचतच नव्हती. हे वाचल्यावर मी बराच वेळ मोरीत जाऊन बसले होते.

महिन्याभराने मी महाराजांकडे गेले. भांडायलाच गेले होते. ते म्हणाले, "बाई, डॉक्टरकडे नेऊ नका असं मी कधी म्हटलं होतं का?"

नव्हतं म्हटलं. हे मी तुम्हाला खरं सांगते, त्यांनी एकदाही तसं म्हटलं नव्हतं. त्यांनी आजाराला आळस म्हटलं, आणि आळसासाठी डॉक्टरकडे कोण नेतं? उरलेलं सगळं मी भरलं. तरीही मी त्यांना सोडणार नाही. ज्याच्या शब्दावर शंभर घरांत संध्याकाळी माठावर झाकण पडतं, त्याने "मी सांगितलं नव्हतं" म्हणून हात झटकू नयेत. त्यानंतर मी सत्संगाला गेले नाही.

काही जण मला समजावतात की महाराजांनी श्लोकाचा अर्थ चुकीचा लावला, शास्त्रात तसं नाही. मीही पहिली दोन वर्षं हेच म्हणायची, त्याने बरं वाटायचं. मग चाणक्यनीती काढून वाचली. त्यातलाच आणखी एक श्लोक सांगतो की लाडात फार दोष आहेत आणि ताडनात फार गुण, म्हणून मुलाला आणि शिष्याला ताडन करावं, लाड करू नयेत. अर्थ चुकीचा लावलेला नाही. तिथे तेच लिहिलंय. मग मला त्या श्लोकालाच नाही म्हणावं लागलं, आणि माझ्यासारख्या देवभोळ्या बाईला ते सोपं गेलेलं नाही. मी अजून गड्ड्याच्या यात्रेला नंदीध्वजांच्या पुढे हात जोडून उभी राहते. सिद्धेश्वरांवरची माझी श्रद्धा कणभर कमी झालेली नाही. हे दोन्ही एकाच मनात कसं राहतं, मला सांगता येत नाही.

शाळेत बाईंनी त्याला छडी मारली असती तर मी शाळेत जाऊन भांडले असते. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचं 17 वं कलम मला तेव्हाही माहीत होतं, मुलाला मारायचं नाही, मनाचा छळ करायचा नाही. पालकसभेत मी ते बोलूनही दाखवलं होतं. मग घरी? घरात मला कायदा आठवला नाही, कारण घर माझं होतं आणि मूल माझं होतं.

आता तो पंधरा वर्षांचा आहे. दिवसातून चार वेळा स्वतः सुई टोचून घेतो. सासूबाई अजून गुरुवारी जातात. परवा त्या म्हणाल्या, "पुढच्या वर्षी सोळा लागेल, मग त्याच्याशी मित्रासारखं वागायचं गं." त्या श्लोकाचा उरलेला भाग. मी काही बोलले नाही. तोही बोलला नाही. तो माझ्यावर रागावला आहे का, हे मी विचारलेलं नाही.

पण रात्री जागं ठेवतं ते वेगळंच. समजा त्याला आजार नसता. बरीच मुलं अंथरूण ओलं करतात आणि वाढत्या वयात ते आपोआप थांबतं. त्याचंही थांबलं असतं. मी म्हटलं असतं, बघा, छडीने सुधारला. मी आज तुमच्यासमोर नाही, सत्संगात पहिल्या रांगेत बसले असते. आजार झाला म्हणून माझी चूक मला कळली. निरोगी पोराची चादर, मोरी आणि मार यांत चूक आहे हे मला कुणी सांगितलं असतं? अक्कांनीही नसतं सांगितलं. त्यांनी मुंग्यांबद्दल सांगितलं, माराबद्दल नाही.

आणि मी नुसतं ऐकलं नव्हतं. त्या एप्रिलमध्ये नीलम नगरची एक बाई सत्संगाला नवीन यायला लागली होती. तिची मुलगी सहा वर्षांची, तिचंही अंथरुणाचंच गाऱ्हाणं. चपला घालता घालता मी तिला सांगितलं होतं, दिवे लागले की पाणी बंद करा, चादर तिलाच धुवायला लावा, आमच्याकडे फरक पडतोय. ती मुलगी तिथेच होती, पायरीवर, आईच्या पदराचं टोक तोंडात धरून माझ्याकडे बघत.

दवाखान्यातून घरी आल्यावर आठ दिवसांनी मी नीलम नगरला गेले. खोलीला कुलूप होतं. घरमालक म्हणाला, यंत्रमाग बंद पडला म्हणून ते भिवंडीला गेले. दुकानदाराकडून नंबर मिळवला, तो बंद. मागच्या वर्षी पुन्हा लावून पाहिला, दुसऱ्याच कुणाला गेलाय.