पहिल्या रात्रीचा रिपोर्ट नॉर्मल आला होता

मी स्लीप स्टडीची, म्हणजे रात्रभर झोपेतला श्वास, ऑक्सिजन आणि मेंदूच्या लहरी नोंदण्याच्या तपासणीची तंत्रज्ञ. साडेतीन वर्षांच्या त्या मुलीची फाईल माझ्याकडे आली तेव्हा तिची एक स्लीप स्टडी आधीच होऊन गेली होती, दुसऱ्या एका केंद्रात. श्वासातल्या अडथळ्यांचा आकडा होता तासाला ०.७. लहान मुलांत हा आकडा १ च्या खाली असला की नॉर्मल धरतात, मोठ्यांत ५ पर्यंत चालतो. म्हणजे कागदावर मुलगी ठणठणीत. पण खालच्या तक्त्यात एकूण झोप २ तास ५० मिनिटं लिहिली होती आणि आरईएम झोप, म्हणजे डोळे भराभर हलतात तो स्वप्नांचा टप्पा, शून्य. श्वास टिपणारी नाकातली नळी ४० मिनिटांत निघाली होती, ऑक्सिमीटर रात्री १ च्या सुमाराला. तो ०.७ म्हणजे प्रत्यक्षात तेवढ्या वेळात पकडलेल्या दोन घटना. अशा अर्ध्या रात्रीचा नॉर्मल रिपोर्ट मला तपासणी न झाल्यापेक्षा धोकादायक वाटतो, कारण तो बघून माणसं निश्चिंत होतात.

आरईएममध्ये घशाचे स्नायू सगळ्यात सैल पडतात. टॉन्सिल आणि अ‍ॅडिनॉइड (नाकामागची तशीच गाठ) मोठे असतील तर श्वासाची वाट बंद होते ती मुख्यतः तेव्हाच, आणि आरईएमचा मोठा हिस्सा येतो रात्रीच्या उत्तरार्धात. या मुलीला डाउन सिंड्रोम होता. या मुलांचे स्नायू मुळातच सैल, चेहऱ्याचा मधला भाग लहान, जिभेला तोंडात जागा अपुरी. म्हणूनच अमेरिकन अकॅडमी ऑफ पिडियाट्रिक्सची शिफारस आहे की घरी कुणाला काही लक्षण दिसलेलं नसलं तरी डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांची स्लीप स्टडी वयाच्या ४ वर्षांच्या आत करावी. डॉक्टरांनी तपासणी पुन्हा करायला सांगितली. माझ्या दृष्टीने कामाची व्याख्या सरळ होती: पहाटे ४ वाजता नळी नाकाखाली, ऑक्सिमीटर पायाला आणि छाती-पोटाची हालचाल टिपणारे दोन्ही पट्टे अंगावर हवेत. संध्याकाळची सगळी तयारी त्या पहाटेसाठी.

आधी आईला फोन केला आणि पहिल्या रात्री काय काय झालं ते क्रमाने विचारलं. हे विचारल्याशिवाय दुसऱ्या रात्रीची आखणी करू नये. कळलं ते असं: येताना गाडीत मुलगी पाऊण तास झोपली होती. वायरी लावायला सुरुवात झाली ती डोक्यापासून, तिला धरून ठेवून. नळी जागेपणीच घातली. आणि आई म्हणाली, "तिला वायरींचं काही नव्हतं हो ताई. डोक्यावर ते खरखरीत चोळायला लागले आणि ती बिथरली." म्हणजे बिनसलं होतं त्वचा साफ करण्याच्या जेलपाशी. ते जेल बारीक वाळूसारखं असतं, मृत त्वचेचा थर आणि तेलकटपणा काढायला. त्याशिवाय इलेक्ट्रोडचा, म्हणजे त्वचेवर चिकटवायच्या धातूच्या छोट्या वाटीचा, विजेला होणारा रोध ५ किलोओहमच्या खाली येत नाही आणि मेंदूच्या लहरींऐवजी विजेच्या तारांची ५०-६० हर्ट्झची गुणगुण कागदावर येते. त्यामुळे ते टाळता येत नाही. पण त्याची ओळख घरी करून देता येते.

दहा दिवसांची तालीम ठरवली, रोज पाच मिनिटं, त्याहून जास्त नाही. आईला एक छोटी पिशवी दिली: लहान मुलांची नाकातली नळी, चार जुने इलेक्ट्रोड वायरींसकट, मऊ कागदी चिकटपट्टी, एक लवचिक पट्टा, गॉझची टोपी. पहिले तीन दिवस सगळं बाहुलीला लावायचं. मग मुलीने आईला लावायचं. मग आईने मुलीच्या पायाला, पोटाला, गालाला, या क्रमाने. डोकं शेवटी, आणि तिथे जेलऐवजी ओलसर खरखरीत रुमाल, तीन हलके हात मारून थांबायचं. मुलगी थोडेच शब्द बोलायची, बाकी खुणांनी. तेव्हा सहा चित्रांची एक पट्टी केली: पाय, पट्टा, डोकं, टोपी, गोष्ट, झोप. एक झालं की ते चित्र उलटं करायचं. किती उरलंय हे दिसलं की मूल बरंच सोसतं. अंत दिसत नसला की ते लढतं.

नळीची तालीम मात्र मुद्दाम फार केली नाही. नाकाखाली एक-दोन सेकंद टेकवायची आणि आपणच काढून घ्यायची. ती तिला झोपेतच लावायची, हे माझं आधीच ठरलं होतं.

त्या दिवसासाठीच्या सूचना लिहून दिल्या. सकाळी डोक्यावरून आंघोळ, तेल आणि कंडिशनर नाही. नखांना रंग नाही. चहा, कॉफी, कोला, चॉकलेट नाही. दुपारची झोप रोजच्या वेळेला आणि रोजच्याइतकीच. काही जण मूल दमावं म्हणून ती बुडवतात. पण अतिदमलेलं लहान मूल लवकर झोपत नाही, चिडतं. येताना गाडीत आईने मागे तिच्याशेजारी बसून तिला जागं ठेवायचं. औषधं डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे चालू. कपडे दोन तुकड्यांचे, वरचा समोरून बटणांचा, म्हणजे वायरी काढता-घालता येतात. रोजची उशी, रोजचं पांघरूण. ताप किंवा वाहती सर्दी असेल तर तारीख पुढे. चोंदलेल्या नाकाची रात्र तिच्या नेहमीच्या रात्रीबद्दल काही सांगत नाही. गुंगीचं औषध नाही. त्याने स्नायू आणखी सैल होतात, झोपेचे टप्पे बदलतात, म्हणजे जे मोजायचं तेच बिघडतं.

मुलगी साडेसहाला आली. तिला झोपायच्या खोलीत खेळायला सोडलं, यंत्रं पडद्यामागे. पाऊण तास मी तिला हात लावला नाही. तेवढ्या वेळात इलेक्ट्रोड चिकटवायची पेस्ट खोलीच्या तापमानाला आली, गॉझचे चौकोन कापून झाले आणि चिकटपट्ट्यांचे तुकडे फाडून टेबलाच्या कडेला लावून ठेवले. पट्टी फाडण्याचा आवाज कानाजवळ झाला की पुष्कळ मुलं दचकतात.

हात दोघींचे लागतात: एकीने लावायचं, दुसरीने खेळवायचं, आणि बोलायचं फक्त एकीने. "लावू का?" असं विचारायचं नाही, कारण "नको" म्हटल्यावर आपण थांबणार नसतो आणि मग तिचा आपल्यावरचा विश्वास जातो. "आधी हा पाय की तो?" हे विचारता येतं. "दुखणार नाही" हेही म्हणत नाही. मुलाला त्यातलं 'दुखणं' तेवढं ऐकू येतं. काय जाणवेल ते सांगायचं: आता थंड, आता चिकट, आता घट्ट.

पायांपासून सुरुवात केली. दोन्ही नडग्यांच्या पुढच्या स्नायूवर दोन-दोन इलेक्ट्रोड, मग छातीवर हृदयाचे दोन. बनियनवरून छातीचा आणि पोटाचा पट्टा. दोन बोटं सहज आत जातील इतपत. घट्ट पट्टा मूल काढून टाकतं आणि सैल पट्टा कुशीवर वळताना सरकून दोन्ही एकमेकांवर येतात. मग छाती आणि पोट उलटसुलट हलतायत की नाही हे कळत नाही. वायरी पाठीकडून वर नेल्या, पुढून दिसता कामा नयेत. मूल जे दिसतं ते ओढतं.

डोकं मोजण्यात थोडा वेळ गेला. या मुलांचं डोकं मागून सपाट असतं, त्यामुळे मागचा हाडाचा उंचवटा बोटाला पटकन लागत नाही. आई तिची मान किंचित पुढे-मागे करत राहिली तेव्हा तो सापडला. नाकाच्या मुळापासून तिथपर्यंत २९ सेंटिमीटर, म्हणजे मध्य १४.५ वर. एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत टाळूवरून ३० सेंटिमीटर, त्याच्या २० टक्के म्हणजे मध्यापासून दोन्ही बाजूंना ६ सेंटिमीटरवर मधले दोन इलेक्ट्रोड. कपाळाकडचे दोन, मागचे दोन, दोन्ही कानांमागच्या हाडावर एकेक. अंदाजाने लावलं तर दोन बाजू जुळत नाहीत आणि झोपेचे टप्पे ओळखताना गोंधळ होतो. केसात भांग पाडायचा, कापसाच्या काडीने जेलचे तीन हात, पेस्टने भरलेली इलेक्ट्रोडची वाटी दाबायची, वर गॉझचा चौकोन. जेलच्या वेळी तिने मान मागे घेतली. सहकारीण म्हणाली, "एक, दोन, तीन... संपलं," आणि मी खरोखरच तिसऱ्याला थांबले. घरी आई तीनलाच थांबत होती, हे तिला पाठ होतं. चौथा हात मारायचा मोह होतो, रोध अजून खाली येईल म्हणून. तो आवरला. एक इलेक्ट्रोड ८ किलोओहमवर राहिला, पण लहर स्वच्छ होती. तसाच ठेवला.

हनुवटीच्या तीन इलेक्ट्रोडांसाठी मोठ्यांत जे २ सेंटिमीटरचं अंतर धरतात ते लहान मुलांत १ करतात. डोळ्यांचेही १ ऐवजी अर्ध्या सेंटिमीटरवर. आणि शेवटी दोन्ही गालांवर मऊ चिकटपट्टीचा एकेक चौकोन, 'मांजराच्या मिशा' म्हणून. पुढे झोपेत नळी लावताना पट्टी या चौकोनांवर चिकटवायची होती, त्वचेवर नाही. डाउन सिंड्रोमच्या मुलांची त्वचा कोरडी आणि नाजूक असते. टोपी घातली, सगळ्या वायरींची मागे एक शेपटी बांधली. ऑक्सिमीटर पायाच्या अंगठ्याला, वरून तिचाच मोजा. हाताच्या बोटावरचा लाल दिवा मुलाला गप्प बसू देत नाही.

सिग्नल तपासायला मोठ्यांना "डोळे डावीकडे, उजवीकडे" असं सांगतात. इथे बाहुली डावीकडे गेली, उजवीकडे गेली, वर उडाली. सहकारीण पडद्यावर बघत होती. दात आवळून दाखवले, पायाची बोटं हलवली. पाच मिनिटांत झालं.

आईचा पलंग वेगळा, हाताच्या अंतरावर. एकाच पलंगावर झोपलं की आईची हालचाल पट्ट्यांत आणि तिचं घोरणं माइकमध्ये येतं. ९ वाजता दिवा बंद, तिच्या रोजच्या वेळेला. ९:२५ ला झोप लागली.

नळी लगेच घालायची नाही. पडद्यावर मोठ्या, संथ लहरी भरून दिसेपर्यंत थांबायचं. मुलांची पहिली गाढ झोप फार घट्ट असते, त्यात हात लागला तरी ती सहसा उठत नाहीत. ९:५५ ला आत गेले. नळी आणि हवेचं तापमान ओळखणारा सेन्सर मुठीत धरून गरम केले होते. नळीची टोकं खालच्या बाजूला वळलेली, नाकपुडीत जेमतेम शिरतील इतकी. नाकपुडी पूर्ण बुजली तर आपणच अडथळा निर्माण करतो. छातीवर त्वचेतून कार्बन डायऑक्साइड मोजणारा सेन्सर. तो ४२-४३ अंशांपर्यंत तापतो, त्यामुळे एका जागी रात्रभर ठेवत नाही. त्याची जागा बदलायची वेळ तक्त्यावर लिहिली.

पावणेबाराला नळीची रेघ सपाट झाली, पट्टे मात्र हलत होते. श्वास अडलाय असं वाटावं असंच दिसतं. पण तापमानाचा सेन्सर व्यवस्थित वरखाली होत होता: तोंडाने श्वास. दोन्ही सेन्सर लावायचे ते यासाठी. दोनला ऑक्सिजन ७१ दिसला. नाडीची लहर तुटक होती आणि नाडीचा आकडा हृदयाच्या आलेखाशी जुळत नव्हता. मोज्यात अंगठा सरकला होता. मंद टॉर्चवर नीट केला, आकडा ९६.

३:५० ला डोळ्यांच्या रेघा भराभर हलायला लागल्या, हनुवटीचा ताण शून्यावर आला. आरईएम. आणि दोन मिनिटांत घोरणं एकदम थांबलं. छाती आत, पोट बाहेर, नळी सपाट, या वेळी तापमानाचा सेन्सरही सपाट. मोठ्यांत १० सेकंद मोजतात. मुलांत दोन श्वासांइतका खंड पुरतो, मिनिटाला २० श्वास घेणाऱ्या या मुलीत ६ सेकंद. तिचे खंड त्याहून लांब होते. ऑक्सिजन ९५ वरून ८१. मग हिसका, एक मोठा श्वास, आणि पुन्हा तेच. पाचपर्यंत हे चाललं, आणि एकही सेन्सर जागचा हलला नाही. नंतर स्कोअरिंग, म्हणजे नोंदीतले टप्पे आणि अडथळे मोजणं, झालं: झोप ७ तास ४० मिनिटं, त्यात आरईएम ८० मिनिटं. अडथळे तासाला ९, फक्त आरईएममध्ये मोजले तर तासाला ३४.

सकाळी सगळं काढताना पट्ट्या ओढत नाही. तेलात भिजवलेला बोळा कडेने फिरवला की त्या आपोआप सुटतात. पेस्ट कोमट पाण्याने जाते. मिशा तिने स्वतः काढल्या आणि बाहुलीच्या गालावर लावल्या.

"काही दिसलं का हो ताई?" आईने दारात विचारलं. तंत्रज्ञाने रिपोर्ट सांगायचा नसतो, तो डॉक्टरांनीच सांगायचा. मी एवढंच म्हटलं की या वेळी रात्र पूर्ण नोंदली गेलीय, त्यांना हवं ते सगळं त्यात आहे.

डाउन सिंड्रोमच्या मुलांत टॉन्सिल काढल्यावरही अडथळा पुष्कळदा उरतो, म्हणून ऑपरेशननंतर पुन्हा तपासणी करतात. तिच्या फाईलच्या पहिल्या पानावर पुढच्या तंत्रज्ञासाठी लिहून ठेवलं: पायांपासून सुरुवात. जेलचे तीनच हात, मोठ्याने मोजून. गालावर मिशा आधी. नळी गाढ झोपेत, अर्ध्या तासाने. मोजा तिचाच. चित्रांची पट्टी आईकडे आहे, आणायला सांगा.