नाक इसरा

मंगळवार, रात्रीचे साडेअकरा

पालथी पडून लिहितेय कारण बसता येत नाहीये. दोन्ही पोटऱ्या आणि गुडघ्यांच्या मागची कातडी अशी भाजलीय की सलवारसुद्धा सहन होत नाही, जुना कॉटनचा गाऊन घातलाय आणि सासूबाईंनी वरून कोरफड थापलीय. मी नागपूरची बाई, मे महिन्यात 45 डिग्रीत स्कूटीवर इतवारीला जाऊन येणारी, तोंडाला दुपट्टा गुंडाळला की झालं, ऊन मला काय करणार असा माज होता. पण मालवणला स्नॉर्केलिंग करताना समुद्रात तोंड खाली घालून पडलं की पाठ आणि पाय वर उन्हातच राहतात आणि पाणी गार लागतं म्हणून भाजून निघतोय हे कळतच नाही, रात्री रूमवर अंगावर पाणी घेतलं तेव्हा किंचाळले. काऊन वं, काय झालं म्हणून तिघी बाथरूमच्या दाराशी.

तिघी म्हणजे हॉस्टेलमधल्या जुन्या मैत्रिणीच. नावं लिहीत नाही, उद्या कोणी वाचलं तर भांडणं व्हायची. एक बँकवाली, एक वर्धेवाली, आणि एक जी लग्न करून ठाण्याला गेली आणि तेव्हापासून आम्हाला समुद्र शिकवते. हा सगळा प्लॅन तिचाच. दोन वर्षं ग्रुपवर मालवण मालवण चाललं होतं आणि मी दर वेळी काही ना काही कारण काढत होते, कधी पोरीची परीक्षा, कधी सासूबाईंचं बीपी. या वेळी बँकवालीने मला न विचारता तिकिटं काढली. मडगावची गाडी, नागपूरहून दुपारी निघते आणि दुसऱ्या दिवशी दुपारी कुडाळला सोडते, चोवीस तासांच्या आसपास. महाराष्ट्राच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला. नागपूर समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरच्या वर आहे हे स्टेशनच्या पिवळ्या बोर्डामुळे लहानपणापासून पाठ, पण ती सपाटी म्हणजे नेमकी कुठली हे बघायला चाळिशी उजाडली.

खरं कारण ग्रुपवर कधी लिहिलं नाही. पण या वहीत लिहायला काय हरकत आहे.

23 सप्टेंबर 2023 ची पहाट. अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला, नाग नदी फुगली आणि आमचं घर तळमजल्यावर. लाइट गेलेली. सासूबाईंनी हाक मारली म्हणून मी पलंगावरून पाय खाली टाकला तर फरशीच नव्हती, पाणी होतं. बघता बघता गुडघ्यापर्यंत, मग कमरेला. सासूबाईंना धरून जिन्यापर्यंत न्यायचं एवढंच काम, दहा-बारा पावलं असतील, पण त्या पाण्यात पायाला काहीतरी लागत होतं. सारखं. काय लागतंय ते दिसत नव्हतं. मोबाईलचा टॉर्च मारला तर वरचं काळं पाणीच चमकायचं. नंतर उजाडल्यावर कळलं की सिलेंडर तरंगत होता, पाट होते, पोरीच्या शाळेचे बूट होते. पण त्या दहा-बारा पावलांत ते बूट नव्हते ना. तेव्हापासून मी फुटाळा तलावाच्या काठावर चहा पिते पण पाण्याकडे पाठ करून बसते. कोणाच्या लक्षात आलेलं नाही, सासूबाई सोडून.

असो. शुक्रवार.

सकाळी साडेआठला किनाऱ्यावर. ठाणेवालीने सांगून ठेवलं होतं की लवकर जायचं, वारा उठायच्या आधी, दुपारी वारं सुटलं की पाणी ढवळतं आणि खालचं काही दिसत नाही. आदल्या रात्री कोंबडी-वडे हाणले होते त्यामुळे सकाळी कोणाला उठवत नव्हतं. (आपलं सावजी जेवण मोठं की मालवणी मोठं यावर जेवताना जे भांडण झालं ते लिहायचं तर वेगळी वही लागेल. वर्धेवाली ऐनवेळी फितूर झाली, सोलकढीच्या तीन वाट्या पिऊन.) फायबरची होडी, मागे इंजिन, आणि होडीवाले काका आणि त्यांचा पुतण्या. काका साठीचे असतील, बोलणं कमी. पुतण्या मात्र पाण्यात उतरणारा, तोच आम्हाला फिरवणार होता. लाईफ जॅकेट घातलं, ते बेल्ट एवढे आवळले की बँकवाली म्हणाली साडीच्या दुकानातल्या पुतळ्यासारखी दिसून राहिली बे तू.

होडी निघाली की समोर किल्ला. सिंधुदुर्ग मी पाचवीच्या पुस्तकात पाहिला होता, चित्रात तो एवढासा. प्रत्यक्षात तटबंदी संपतच नाही, वाकडीतिकडी वळत जाते आणि दरवाजा कुठाय तेच कळत नाही, अगदी जवळ गेल्यावर दोन बुरुजांच्या मधे एकदम उघडतो. कुरटे बेटावर 25 नोव्हेंबर 1664 ला काम सुरू केलं महाराजांनी, तीन वर्षं लागली, 48 एकर जागा. आणि चारी बाजूंनी खारं पाणी असून आत दूधबाव, साखरबाव, दहीबाव या तीन गोड्या पाण्याच्या विहिरी. हे ठाणेवाली ओरडून सांगत होती आणि वर्धेवाली तेवढ्यात होडीच्या कडेवरून वाकून आदल्या रात्रीची सोलकढी परत करत होती. इंजिन चालू असेपर्यंत ठीक होतं, ते बंद करून नांगर टाकला आणि होडी जागच्या जागी डोलायला लागली तेव्हा तिचं सुरू झालं. मग मी पिशवीतून संत्री काढली. घरून डझनभर नेली होती, मृग बहाराची, आत्ताच आलेली. साल सोलून नाकाशी धरायला दिली, फोडी चोखायला दिल्या. काकांना दोन दिली तर त्यांनी खाल्ली नाहीत, कागदात गुंडाळून ठेवली, नातीसाठी.

मग मास्क. तो आतून धुरकट होऊ नये म्हणून काचेला थुंकी लावून चोळायची आणि समुद्रात विसळायचा, हीच पद्धत म्हणे. बँकवालीचा चेहरा बघण्यासारखा. आपल्याआधी किती जणांनी थुंकलं असेल, आणि त्यात आपल्याकडचं कोणी असलं तर तंबाखूचा खर्रा खाऊन थुंकला असेल, असं ती मोठ्याने म्हणाली आणि मी एवढी हसले की थुंकायला तोंडात थुंकीच उरली नाही.

उतरायची माझी पाळी शेवटची. मी तशीच लावली होती. बँकवाली गेली, वर्धेवाली ओकून रिकामी झालेली तीही गेली, पाण्यात गेल्यावर तिची मळमळ म्हणे थांबली. मी होडीच्या छोट्या शिडीवर कमरेएवढ्या पाण्यात उभी आणि दोन्ही हात शिडीला. पुतण्याने तरंगायची हवेची ट्यूब आणून दिली, ही धरा, मी ओढतंय, तुम्ही फक्त खाली बघा. तोंडात नळीचं रबर, नाकावर मास्क. तोंड पाण्यात घातलं आणि चाळीस वर्षांच्या सवयीने नाकाने श्वास घेतला. आला नाही. मास्क चेहऱ्याला चिकटला. मग घाबरून तोंड उघडलं तर खारं पाणी आत, आणि मी त्या पोराच्या मानेला अशी मिठी मारली की त्याचाच मास्क निघाला.

तो हसला नाही. खोकला संपेपर्यंत थांबला आणि म्हणाला, "ताई, नाक इसरा. नाक नाय म्हणून समजा. तोंडान घ्या, सावकाश. घाबरू नकात, मी आसय मा."

नाक इसरा. हे दोन शब्द मी तेव्हापासून किती वेळा मनात म्हटले असतील. दुसऱ्या वेळी पाच श्वास जमले, मोजले. तिसऱ्या वेळी वीस, आणि मग मोजायचं राहून गेलं कारण खाली दिसायला लागलं.

कसं लिहू. आधी आवाज. मला वाटलं होतं पाण्याखाली शांत असेल, तर तिथे तडतड चाललेली, फोडणीत मोहरी टाकावी तशी, सगळीकडून, कुठून येतेय ते कळत नाही. नंतर पुतण्याने सांगितलं की बारके कोळंबीसारखे जीव असतात ते चिमटा आपटतात त्याचा आवाज. आणि त्या तडतडीवर नळीतून माझाच श्वास, आयसीयूच्या मशीनसारखा. खाली खडक, खडकावर कोरल. फोटोत असतात तसे गुलाबी-जांभळे नव्हते, खरं सांगायचं तर बरेचसे तपकिरी, हिरवट, मेंदूसारख्या सुरकुत्या असलेले गोळे. ते दगड नाहीत, बारीक जिवांची वस्ती आहे आणि वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढते, म्हणजे परातीएवढा गोळा आमच्या पोरींपेक्षा वयाने मोठा. काही पांढरे पडलेले, मेलेले. पाणी जास्त तापलं की होतं तसं. पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे मासे आमच्याभोवती गर्दी करून, बसस्टॉपवरच्या पोट्ट्यांसारखे. एक पोपट मासा, हिरवा-निळा, खडकाला चोच मारून खात होता आणि त्याचं कुडुम कुडुम चक्क ऐकू येत होतं. मला तो मांजराएवढा वाटला. वर आल्यावर पुतण्या म्हणाला हातभर पण नव्हता, पाण्यात काचेतून सगळं 33 टक्के मोठं आणि पाव हिश्श्याने जवळ दिसतं. चला, म्हणजे माझ्या भीतीचंही तसंच असेल असं ठाणेवाली लगेच बोलली. तिला प्रत्येक गोष्टीतून काहीतरी काढायची सवय आहे, मी दुर्लक्ष केलं.

आणि मग पायाला काहीतरी लागलं.

डाव्या घोट्याला, मऊ, एकदा लागून गेलं आणि परत लागलं. मी त्या क्षणी मालवणात नव्हतेच. अंग लाकूड झालं, ट्यूब एवढी आवळली की बोटं दुखली, श्वास पार वर अडकला. ओरडायचं तर तोंडात नळी. पण तोंड पाण्यातच होतं ना, मास्क होता, दिवसाचे दहा वाजलेले आणि ऊन थेट तळापर्यंत गेलेलं. मी मान वळवून पायाकडे बघितलं. नांगराची दोरी. हिरवी नायलॉनची दोरी, तिला शेवाळ लागलेलं, आणि ती खाली खाली जाऊन वाळूत जिथे नांगर रुतला होता तिथपर्यंत अख्खी दिसत होती. मी त्या दोरीकडे किती वेळ बघत होते माहीत नाही. मासे-बिसे सोडून. पुतण्याने खांदा थोपटून अंगठा वर करून विचारलं, ठीक? मीही अंगठा वर केला आणि परत दोरीकडेच बघितलं.

बाकीच्यांच्या मोबाईलमध्ये पोपट माशाचे व्हिडिओ आहेत. माझ्या व्हिडिओत मी तीन मिनिटं एका दोरीकडे बघतेय. घरी कोणाला समजत नाहीये की ही काय शूटिंग आहे.

एक गोष्ट खटकली ती लिहून ठेवते. शेजारच्या होडीतून पावाचे तुकडे टाकत होते, मासे जवळ यावेत आणि फोटो चांगले निघावेत म्हणून, आणि एक दादा फोटोसाठी सरळ कोरलवर उभे. ही जागा 1987 पासून सागरी अभयारण्य आहे म्हणे, 29 चौरस किलोमीटर, पण उभं राहणाऱ्याला पायाखाली काय आहे याचं काय. आमचे काका तेवढ्यासाठी पहिल्यांदा आवाज चढवून बोलले, त्या दादांना मालवणीत जे काही सुनावलं त्यातलं अर्धं मला कळलं आणि उरलेलं कळलं नाही ते बरंच झालं. मग परतताना काका आपणहून बोलायला लागले. पूर्वी रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढायला अख्खी वाडी किनाऱ्यावर यायची, आता मोठे ट्रॉलर आणि रात्रीचे एलईडी दिवे लावून मासेमारी, बंदी आहे तरी चालते, आमच्या जाळ्यात काय येणार. म्हणून मग पर्यटक. हे त्यांनी तक्रारीच्या सुरात नाही सांगितलं, बाजारभाव सांगावा तसं सांगितलं. वर्धेवाली शेतकऱ्याची पोरगी, ती एकदम म्हणाली, आमच्याकडे कापसाचं असंच आहे काका. आणि मग ते दोघंच बोलत राहिले किनारा येईपर्यंत.

दुपारी किल्ला पाहिला, पण पाय जड झाले होते. शिवराजेश्वराच्या मंदिरात थोडा वेळ बसलो, गार होतं. दुधबावेत वाकून बघितलं. एरवी मी विहिरीत बघत नाही.

काल रात्री नागपूरला उतरलो, स्टेशनवरच तिघींची तोंडं तीन दिशांना, ठाणेवाली तर अर्ध्या रस्त्यातच उतरली होती. आज सुट्टी टाकली. बॅगेतून अजून वाळू निघतेय, पोरीने ती काचेच्या वाटीत जमवलीय.

मघाशी सासूबाई कोरफड लावत होत्या. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग विचारलं, "किती खोल होतं वं?"

म्हटलं, "दोन पुरुष तरी असेल."

"बाप्पा." हात थांबला. "अन् तळ?"

"दिसत होता."

"सगळा?"

"हाव, सगळा."

"बरं," म्हणाल्या आणि दुसऱ्या पायाला लावायला लागल्या.

ग्रुपवर ठाणेवालीने आत्ताच अंदमानचे रेट टाकलेत. बँकवालीने डोळे फाडलेला इमोजी पाठवलाय. मी अजून काही टाकलं नाही, आधी हे कोरफडीचं गिळगिळीत वाळू दे, मग बघू.