अकरावी-बारावी म्हणजे "कॉलेज" नव्हे : लेकीच्या एनसीएए एलिजिबिलिटीचा माझा अनुभव

माझी लेक आता अमेरिकेत डिव्हिजन वनला (तिथल्या कॉलेज खेळांची सगळ्यात वरची पातळी) बास्केटबॉल खेळते. साताऱ्यातल्या आणि कोल्हापुरातल्या दोन-तीन आईवडिलांचे फोन येऊन गेले की ताई तुम्ही कसं केलं सांगा ना, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते. कोच कसा मिळाला, व्हिडिओ कसे पाठवले हे थोडक्यातच सांगणार, कारण त्यात फार अडलंच नाही. आम्ही अडलो ते एका पत्रावर. एका पानाचं पत्र, आणि त्यासाठी एप्रिल ते जून असे दोन महिने.

आधी कोचचं सांगून टाकते. गॅलरीतून स्टँडवर मोबाईल लावून पूर्ण मॅचचे दोन व्हिडिओ काढले, कटिंग न केलेले, कारण कोच लोकांना मुलगी डिफेन्सला परत कशी धावते तेही बघायचं असतं, नुसते बास्केट नको असतात. उंची बूट काढून मोजलेली लिहिली. पन्नासेक कॉलेजांना मेल केले, सात-आठांची उत्तरं आली, तिघांशी व्हिडिओ कॉल झाले आणि एका कॉलेजने स्कॉलरशिप देऊ केली. संजना रमेश बंगळुरूहून नॉर्दर्न अ‍ॅरिझोनाला गेली, हरसिमरन कौर सॅन दिएगोला गेली, हे आधीपासून माहीत होतं म्हणून लेकीला हे अशक्य कधी वाटलंच नाही.

पण कोचने हो म्हटलं म्हणजे मुलगी खेळली असं नाही. एनसीएए म्हणजे तिथल्या कॉलेज खेळांचे नियम ठरवणारी संघटना, तिचं एलिजिबिलिटी सेंटर (खेळाडू पात्र आहे का ते तपासणारं) वेगळं आहे, तिथे अकाउंट काढून नववीपासून बारावीपर्यंतचे सगळे मार्क दाखवावे लागतात, आणि तू प्रोफेशनल खेळलेली नाहीस हेही तपासलं जातं. डिव्हिजन वनला १६ कोअर विषय (इंग्रजी, गणित, विज्ञान असे अभ्यासाचे मुख्य विषय) आणि किमान २.३ जीपीए (मार्कांची तिकडच्या पद्धतीची सरासरी), डिव्हिजन टूला, म्हणजे खालच्या पातळीला, २.२. सॅटची (तिकडच्या कॉलेज प्रवेशाची परीक्षा) अट २०२३ च्या जानेवारीत काढून टाकली, तेव्हा कुणी सॅटच्या क्लासचे पैसे भरायला सांगितले तर आधी त्या कॉलेजच्या अ‍ॅडमिशनला लागते का ते विचारा, एनसीएएसाठी लागत नाही.

आता मुख्य गोष्ट. २०२४ च्या एप्रिलच्या शेवटी, बारावीचे पेपर होऊन निकालाची वाट बघत होतो तेव्हा, तिकडच्या कॉलेजच्या कम्प्लायन्स ऑफिसमधल्या बाईंची मेल आली. (कम्प्लायन्स म्हणजे नियम पाळले जातात की नाही बघणारा विभाग, प्रत्येक कॉलेजात असतो.) त्यांनी लिहिलं होतं की कागदांवरून तुमची मुलगी २०२२ पासून फुलटाइम कॉलेजात शिकते आहे असं दिसतं, तरी त्या विद्यापीठाची ट्रान्स्क्रिप्ट (मार्कांची अधिकृत नोंद) पाठवा. मला पहिल्यांदा कळेचना. मग परत वाचलं आणि पोटात गोळा आला.

त्यांचा तेव्हाचा नियम असा की डिव्हिजन वनला चार सीझन खेळायला पाच वर्षं मिळायची, आणि ही पाच वर्षं जगातल्या कुठल्याही कॉलेजात फुलटाइम नाव घातलं त्या दिवसापासून मोजली जायची. आपण अकरावी-बारावीला ज्युनिअर कॉलेज म्हणतो. त्यांच्याकडे ज्युनिअर कॉलेज म्हणजे बारावीनंतरची दोन वर्षं, पदवीच्या अलीकडची. म्हणजे त्यांच्या हिशोबाने लेकीची दोन वर्षं संपलेली, वर ती फ्रेशमन (पहिल्या वर्षाची) नाही तर ट्रान्सफर स्टुडंट, म्हणजे दुसऱ्या कॉलेजातून आलेली! त्यात आमच्या कॉलेजचं लेटरहेड सिनिअर आणि ज्युनिअरला एकच, वर ठळक अक्षरात विद्यापीठाशी संलग्न, नॅक मानांकन वगैरे. अकरावीची मार्कलिस्ट त्याच कागदावर छापलेली. त्या बाईंची चूक नव्हतीच, तो कागद बघून कुणीही तेच समजलं असतं.

मी म्हटलं यात काय, कॉलेजातून एक पत्र आणायचं की अकरावी-बारावी ही शाळेचीच पुढची दोन वर्षं आहेत, विद्यापीठाचा संबंध नाही. दुसऱ्या दिवशी अकराला ऑफिसात गेले. खिडकीतले दादा म्हणाले असा फॉरमॅट नाही आमच्याकडे, बोनाफाईड पाहिजे तर अर्ज करा. मी परत समजावलं, अमेरिका, बास्केटबॉल, पाच वर्षं, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले "मॅडम, असं पत्र आजवर कुणी मागितलं नाही, प्राचार्यांना विचारावं लागेल." प्राचार्य निवडणुकीच्या ट्रेनिंगला. आमच्याकडे लोकसभेचं मतदान ७ मेला होतं, अर्धा स्टाफ इलेक्शन ड्यूटीवर, उरलेले बारावीचे पेपर तपासायला. ७ मे झाली की उन्हाळी सुट्टी. ऑफिस उघडं, पण सही करणारं कुणी नाही. मी दर सोमवारी आणि गुरुवारी जात होते. त्या टेबलाच्या काचेखाली २०१९ चं कॅलेंडर आणि एसटीचं वेळापत्रक होतं, बसून बसून मला पुण्याच्या गाड्या पाठ झाल्या.

मेच्या मधे कसंबसं एक पत्र मिळालं. त्याच लेटरहेडवर, आणि त्यात लिहिलेलं की "सदर विद्यार्थिनी या महाविद्यालयाची बोनाफाईड विद्यार्थिनी आहे". इंग्रजीतून. म्हणजे जे खोडायचं होतं तेच सही-शिक्क्यानिशी परत लिहून दिलेलं. मी ते पाठवलंच नाही. परत गेले तर म्हणे एकदा दिलंय, जावक नंबर पडलाय, आता दुसरं कसं देणार. त्या दिवशी मी घरी येऊन रडले, खरं सांगते. पोरगी सकाळी साडेपाचला उठून सिमेंटच्या कोर्टवर शूटिंग करायची, तेही दहावीपासून, एक दिवस चुकवलेला नाही, आणि तिचं सगळं या जावक नंबरवर अडलेलं.

२१ मेला निकाल लागला, जूनच्या सुरुवातीला मार्कशीट आणि दाखला मिळाला. इथे आमच्याकडून एक गोष्ट झाली ती तुम्ही टाळा. सगळे घेतात म्हणून आम्हीही लगेच दाखला घेतला. मग खिडकीतून उत्तर, "आता दाखला गेला, ती आमची विद्यार्थिनी राहिली नाही, आता काहीच निघणार नाही." लागणारी सगळी पत्रं हातात आल्याशिवाय दाखल्याच्या रजिस्टरवर सही करू नका. अमेरिकेला तसाही तो दाखला लागत नाही.

शेवटी सुटलं ते कॉलेजातल्या कॉम्प्युटरच्या सरांमुळे. ते म्हणाले ताई तुम्ही मजकूर स्वतः टाइप करून आणा, आमच्या लोकांना काय लिहायचं तेच कळत नाहीये. मी रात्रभर बसून लिहिलं. यात अमुक ते अमुक या काळात इयत्ता अकरावी व बारावी, ही उच्च माध्यमिक शालेय शिक्षणाची वर्षं, अभ्यासक्रम आणि परीक्षा महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाची, या काळात विद्यार्थिनीने कुठल्याही विद्यापीठात किंवा पदवी अभ्यासक्रमात प्रवेश घेतलेला नाही, कुठलेही विद्यापीठाचे क्रेडिट मिळालेले नाहीत. खाली मंडळाचा इंडेक्स नंबर (बारावीच्या मार्कशीटवर जे पासून सुरू होतो तो) आणि शाळांना असतो तो यूडायस नंबर. सरांचीच कल्पना, की यूडायस नंबर शाळांनाच मिळतो, मग त्याहून मोठा पुरावा कुठला. लेटरहेड न वापरता साध्या कागदावर, वर फक्त "उच्च माध्यमिक विभाग" असं नाव टाकून. उपप्राचार्यांनी वाचलं आणि दोन मिनिटांत सही केली. दोन मिनिटं! शिक्का उमटेना, पॅड वाळलेलं, तर दादांनी त्यावर दोन थेंब शाई टाकली आणि शिक्का असा दाबला की कडेला निळा ओघळ आला. तो ओघळ अजून माझ्या डोळ्यासमोर आहे.

तरी संपलं नाही. कम्प्लायन्सच्या बाईंनी सांगितलेलं की स्कॅन कॉलेजच्या अधिकृत ईमेलवरूनच यायला हवा, माझ्या जीमेलवरून नको. ऑफिस चालायचं दादांच्या स्वतःच्या जीमेलवर. अधिकृत मेलचा पासवर्ड वेबसाइट बनवणाऱ्या पोराकडे, तो पुण्याला. सरांनी त्याला गाठून २६ जूनला मेल पाठवली. तिकडे सकाळ झाली तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा-सात, आणि आठच्या आत उत्तर की धन्यवाद, एवढंच हवं होतं. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात अकाउंटवर फायनल क्वालिफायर, म्हणजे पात्र असा शेवटचा निकाल, दिसलं. रात्री पावणेदोनला लेकीने मला उठवून स्क्रीन दाखवली.

आता आठवेल तसं सांगते. कुठलंतरी कॉलेज तुमच्या मुलीचं नाव त्यांच्या यादीत टाकत नाही तोवर एलिजिबिलिटी सेंटर फाइल पूर्ण तपासत नाही, त्यामुळे कोचला विचारा की नाव टाकलं का. ऑगस्टला जाणाऱ्यांनी १ एप्रिलनंतर अकाउंटमधे जाऊन अ‍ॅमॅच्युअरचं (पैशासाठी खेळलेली नाही याचं) फायनल सर्टिफिकेशन स्वतः मागायचं असतं, ते आपोआप होत नाही. गावच्या स्पर्धेत टीमला मिळालेलं रोख बक्षीससुद्धा लिहा, आम्ही सगळं लिहिलं आणि काही अडलं नाही.

नववीचं राहिलं. लेकीची नववी २०२०-२१ ची, कोविडमुळे परीक्षा न होता वर्गोन्नत. शाळेच्या मुख्याध्यापिका बाईंनी अर्ध्या तासात वर्षभराच्या मूल्यमापनाचं पत्र दिलं, चहा पाजला. मराठी प्रगतिपत्रकाचं ओळीला ओळ भाषांतर लागतं, ते पुण्यात करून घेतलं, अगदी "स्व-विकास व कलारसास्वाद" सकट.

आणि गणित सोडू देऊ नका. खेळायला वेळ मिळावा म्हणून पोरं आर्ट्स घेतात किंवा कॉमर्सला गणित टाकून देतात, पण डिव्हिजन वनला तीन वर्षांचं गणित लागतं, नववी-दहावीचं धरून दोनच होतात. लेकीने कॉमर्सला गणित ठेवलं होतं ते तिच्या काकाच्या हट्टामुळे, त्याचे आम्ही आजन्म ऋणी. बारावीनंतर गॅप घेऊन स्पर्धा खेळत राहायचा विचार असेल तर जपून, आमच्या वेळी बास्केटबॉलला एका वर्षाची सूट होती, त्यापुढे स्पर्धा खेळलं की सीझन जातो. जुन्या व्हिडिओंत नॅशनल लेटर ऑफ इंटेंट (याच कॉलेजात येणार असं खेळाडूचं करारपत्र) सही करा सांगतात, ते २०२४ च्या ऑक्टोबरमधे बंद झालं, आता कॉलेजची लेखी स्कॉलरशिप ऑफर हीच खरी. आणि स्टुडंट व्हिसावर जाहिरातीचं वगैरे काम करून पैसे घ्यायच्या आधी तिथल्या इंटरनॅशनल ऑफिसला विचारा, अमेरिकन मुली करतात ते आपल्या मुलींना व्हिसामुळे चालत नाही.

पहिलं वर्ष संपलं आणि लेकीचा कोच दुसरीकडे गेला. २०२५ च्या वसंतात तिने ट्रान्सफर पोर्टलला (कॉलेज बदलू बघणाऱ्या खेळाडूंची ऑनलाइन यादी) नाव दिलं. मी परत धास्तावले होते, पण अभ्यासात पात्र असलं की आता एक वर्ष बाहेर बसावं लागत नाही, २०२४ च्या एप्रिलपासून कितीही वेळा बदलता येतं. लेखी सांगितल्यावर कॉलेजला कामाच्या दोन दिवसांत नाव पोर्टलवर टाकावंच लागतं. तिचं दीड दिवसात टाकलं, तीन आठवड्यांत नवीन कॉलेज ठरलं.

नवीन कॉलेजच्या कम्प्लायन्समधून पहिलीच मेल आली : २०२२ ते २०२४ ज्युनिअर कॉलेज दिसतंय, ती ट्रान्स्क्रिप्ट कुठे आहे? लेकीने निळ्या ओघळाचं ते पत्र आणि सरांच्या त्या मेलची प्रत पाठवून दिली आणि प्रॅक्टिसला गेली. संध्याकाळी उत्तर आलं, ओके.