मागचा मोकळा प्लॉट

“रिकामा कुठाय हो, माझं अळू दिसत नाही का?” आज सोसायटीच्या मीटिंगमध्ये मागच्या ‘रिकाम्या’ प्लॉटवर पार्किंग करायचा विषय निघाला, तेव्हा शेजारच्या आजी सरळ बोलल्या आणि पार्किंग हवं म्हणणारे गप्पच.

मोरीचं पाणी जातं तिथे त्यांनी अळू, कर्दळ, एक केळ लावलीये, पानं ही एवढी मोठी, अर्ध्या बिल्डिंगची अळुवडी तिथूनच होते आणि वर हेच लोक म्हणतात जागा वाया चाललीये 😄

माहीमचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान पण आधी कचऱ्याचं डम्पिंगच होतं ना, आता ३७ एकर झाडी आहे.

आपला तर जेमतेम दोन गुंठ्यांचा तुकडा. पेव्हर ब्लॉक टाकून पाच-सहा गाड्या मावतील, पण पावसाचं पाणी मुरणार कुठे हे कोणी विचारलंच नाही.

रविवारी परत मीटिंग आहे. तुमच्याकडे अशा जागेचं काय केलंत?