तेराव्या वर्षीची उंची आणि नाक्यावरचा फ्लेक्स

ऑगस्टच्या पावसात शालेय बास्केटबॉल स्पर्धा सुरू होतात. १४ वर्षांखालच्या गटात एखादा मुलगा ५ फूट ८ इंचांचा निघतो आणि बाकीची मुलं जेमतेम त्याच्या हनुवटीला लागतात. तो रिंगखाली उभा राहतो, हात वर करतो, बॉल हातात पडतो, बोर्डावर आपटून आत जातो. तीसच्या वर पॉइंट होतात. संध्याकाळपर्यंत क्लिप वाडीतल्या सगळ्या ग्रुपांवर फिरते. गणपतीला आलेले चाकरमानी पाठीवर थाप मारून विचारतात, ‘काय रे, इंडियाकडून कधी खेळतलंस?’ विभागीय स्पर्धा व्हायच्या आधीच नाक्यावर फ्लेक्स लागलेला असतो. हे सगळं प्रेमापोटीच होतं. पण त्या दिवशी कोर्टवर जे दिसलं त्यात खेळ किती होता आणि लवकर आलेलं वय किती होतं, हे कुणी तपासत नाही. पुढचा सगळा त्रास तिथून सुरू होतो.

मुलग्यांची उंची साधारण साडेतेरा-चौदाच्या सुमारास सर्वांत वेगाने वाढते, त्या एका वर्षात ८ ते १० सेंटीमीटर. मुलींमध्ये हा काळ दोनेक वर्षं आधी येतो, म्हणून त्यांच्या वाट्याला कौतुकही लवकर येतं आणि ते ओसरतंही लवकर. पण हा सरासरीचा हिशेब झाला. कुणाची वाढ बाराव्या वर्षीच सुरू होते, कुणाची पंधराव्या. १४ वर्षांखालचा ‘हिरा’ पुष्कळदा फक्त लवकर वाढलेला मुलगा असतो. सोळाव्या वर्षी बाकीचे त्याच्याएवढे होतात, आणि तोवर रिंगखाली उभं राहण्यापलीकडे त्याला काही शिकवलेलं नसतं.

ढोबळ अंदाज घरीच काढता येतो. आई-बाबांची उंची सेंटीमीटरमध्ये घ्या, बेरीज करा, मुलगा असेल तर १३ मिळवा, मुलगी असेल तर १३ वजा करा आणि निम्मे करा. बाबा १७५, आई १६० असेल तर मुलाचा आकडा येतो १७४. खरी उंची याच्या आठ-साडेआठ सेंटीमीटर मागेपुढे पडू शकते. म्हणजे तेराव्या वर्षी १७३ भरलेला मुलगा कदाचित मुक्कामाच्या जवळ पोचलेला आहे. दर तीन महिन्यांनी भिंतीशी उभं करून मापा: अनवाणी, टाचा भिंतीला, डोक्यावर जाड पुठ्ठ्याचं पुस्तक आडवं, आणि दर वेळी सकाळीच. संध्याकाळपर्यंत उंची सेंटीमीटरभर उतरते, त्यामुळे वेळ बदलली की वहीतला हिशेब फसतो. तीन महिन्यांत दोन सेंटीमीटरच्या वर वाढ दिसली तर मुलगा वेगात आहे. तेव्हा त्याचा तोल, नेम, धावण्याची ढब सगळं थोडं बिघडतं. ‘गेल्या वर्षी किती मस्त खेळायचा, आता लक्ष नाही’ असं म्हणण्याचा तो काळ नव्हे. हातपाय लांब झालेत, मेंदूला नवा अंदाज यायला काही महिने लागतात.

उलट उदाहरणही माहीत असावं. अमेरिकेचा बास्केटबॉलपटू अँथनी डेव्हिस शाळेत बरीच वर्षं गार्ड म्हणून, म्हणजे बॉल पुढे नेणाऱ्या जागी, बॉल हाताळत होता. मग शाळेतच त्याची उंची सुमारे आठ इंच वाढली, आणि २०१२ मध्ये तो एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, पहिल्या क्रमांकावर निवडला गेला. बुटका असताना शिकलेला ड्रिबल (बॉल जमिनीवर आपटत पुढे नेणं) उंच झाल्यावर त्याच्या कामी आला. म्हणून सरांना विनंती आहे: उंच मुलाला प्रत्येक सामन्यात निदान एक क्वार्टर, म्हणजे सामन्याचा चौथा भाग, बॉल ड्रिबल करत समोरच्या रिंगकडे न्यायला लावा. बॉल सुटेल, दोन-चार पॉइंट जातील, एखादा तालुका सामनाही हरेल. हरू दे. आणि बाकावर बसलेल्या चपळ, लहानखुऱ्या मुलालाही मिनिटं द्या, त्याची वाढ अजून यायची आहे.

रोज पंचवीस मिनिटं पुरतात. दहा मिनिटं नावडत्या हाताने ड्रिबल, नजर वर ठेवून. त्याच बाजूने चाळीस ले-अप, म्हणजे धावत जाऊन रिंगजवळून टाकलेले शॉट. मग पन्नास फ्री थ्रो, दहा-दहाच्या पाच फेऱ्या, प्रत्येक फेरीचा आकडा वहीत. रील पाहून बारा वर्षांची पोरं ६.७५ मीटरवरून थ्री (तीन पॉइंटांचा शॉट) मारायला जातात. तेवढी ताकद नसते, म्हणून बॉल कमरेपासून झोकून देतात आणि ती सवय नंतर वर्षानुवर्षं मोडत नाही. बोर्डापासून दोन-अडीच मीटरवर सुरुवात करा. दहापैकी सात जात असतील आणि हाताची ढब बदलत नसेल, तरच एक पाऊल मागे.

आता दुखण्याबद्दल, कारण कोकणात त्याचं एक खास कारण आहे. जून ते ऑगस्ट उघड्या काँक्रीट कोर्टवर शेवाळ धरलेलं असतं, सराव जवळजवळ बंद. मग उघडीप बघून तालुका, जिल्हा, विभागीय असे सामने काही आठवड्यांत उरकतात, एकेका दिवशी दोन-तीन. ज्याचा फ्लेक्स लागलाय त्याला सर बाहेर काढत नाहीत, आणि तो स्वतःही ‘दुखतंय’ म्हणत नाही. दोन-अडीच महिने न मारलेल्या उड्या एका आठवड्यात मारल्या जातात. गुडघ्याच्या वाटीखाली दोन बोटांवर हाडाचा जो उंचवटा असतो, तिथे मांडीचा स्नायू वाटीवरून येऊन जोडलेला असतो. वाढत्या वयात तिथलं हाड अजून कच्चं असतं, वारंवार ओढ बसून ते सुजतं. याला ऑसगुड-श्लॅटर म्हणतात. टाचेच्या मागे तसंच दुखलं तर सेव्हर्स. उंची वेगाने वाढते तेव्हाच दोन्ही जोर करतात.

दहापैकी तीनपर्यंत दुखत असेल आणि दुसऱ्या सकाळी उतरत असेल तर खेळ चालू ठेवून उड्या निम्म्या करा. लंगडत असेल तर बंद. रात्री दुखून जाग येत असेल, सूज किंवा ताप असेल तर हाडांच्या डॉक्टरांकडेच जा. सामन्यानंतर कापडात बर्फ गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं धरा. त्या जागेवर तेल लावून जोराने चोळू नका, आणि सामन्याआधी वेदनाशामक गोळी देऊन मुलाला मैदानात कधीच उतरवू नका. मुलीची पाळी सुरू होऊन मग तीन महिने आली नाही, तर ‘खेळामुळे असेल’ म्हणून सोडून देऊ नका. पुष्कळदा त्यामागे खाणं कमी पडलेलं असतं.

यावर उपाय पावसाळ्यातच करायचा असतो. शाळेच्या हॉलमध्ये किंवा घराच्या पडवीत आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी चाळीस उड्या, दोन्ही पायांवर मऊ उतरत, आणि दर आठवड्याला दहाने वाढवत जायचं. पुळणीवर धावणं आपल्याकडे सगळ्यांना आवडतं. मात्र कोरड्या वाळूत पोटऱ्या आणि टाचेची शीर लवकर भरून येते, म्हणून ओल्या वाळूवर, वीस मिनिटांपर्यंत, आणि किनारा उतरता असेल तर जाताना-येताना दोन्ही दिशांनी. एकूण तासांबाबत एनबीए आणि अमेरिकेच्या बास्केटबॉल संघटनेची शिफारस सोपी आहे: १२ ते १४ वयाला आठवड्याला जास्तीत जास्त १० तास, त्यापुढे शाळा संपेपर्यंत १४, आठवड्यातून निदान एक दिवस पूर्ण सुट्टी. शाळेचा संघ, क्लब, रविवारचं शिबिर या सगळ्यांची बेरीज धरायची. ती बेरीज मुलाच्या घरी सोडून कुणाकडेच नसते.

विभागीयसाठी रत्नागिरी-सिंधुदुर्गची मुलं कोल्हापूर विभागात खेळतात, म्हणजे आंबा किंवा आंबोली घाट आलाच. पहाटेच्या एसटीत उलट्या करून दहाला कोर्टवर उतरलेला मुलगा काय खेळणार? शक्य असेल तर आदल्या दिवशी जा. सामन्याआधी तीनेक तास भात-आमटी किंवा पेज आणि अंडं. दमट हवेत घाम फार जातो, दर पंधरा-वीस मिनिटांनी दीड-दोनशे मिली पाणी, मध्ये एखादा मीठ-साखर घातलेला कोकम सरबताचा पेला. झोप आठ ते दहा तास. सत्काराच्या रात्री नेमकी तीच जाते.

कौतुकाचं ओझं किती असतं ते अमेरिकेत उघड दिसतं. पुढे एनबीएचा मोठा खेळाडू झालेला लेब्रॉन जेम्स फेब्रुवारी २००२ मध्ये, सतरा वर्षांचा शाळकरी असताना, स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड या क्रीडा नियतकालिकाच्या मुखपृष्ठावर झळकला आणि त्याने ते पेललं. त्याच काळात शाळकरी क्रमवारीत वर असलेल्या लेनी कुकला २००२च्या ड्राफ्टमध्ये कुणीच घेतलं नाही. २००१ मध्ये शाळेतून थेट पहिल्या क्रमांकावर निवडलेला क्वामी ब्राऊन त्या क्रमांकाला साजेसा खेळ कधी दाखवू शकला नाही. २००६ पासून एनबीएने ड्राफ्टसाठी १९ वर्षांची अट घातली. आपल्याकडे पंजाबच्या बल्लो के गावचा सतनाम सिंग २०१५ मध्ये ५२ व्या क्रमांकावर निवडला गेला, पण एनबीएचा एकही सामना त्याला मिळाला नाही. लेब्रॉनच्या बाबतीत मला एक गोष्ट फार मोलाची वाटते. तो लहानपणापासूनच्या त्याच मित्रांबरोबर एकाच शाळेकडून खेळत राहिला. आपल्या पोराला बाहेरच्या शाळेने बोलावलं, तर दोस्त तुटण्याची किंमतही हिशेबात धरा.

तशी बोलावणी येतात. वसतिगृह एखाद्या साध्या मंगळवारी जाऊन बघा, निवड चाचणीच्या दिवशी नव्हे. खोलीत किती मुलं, शाळेत खरंच जातात का, दुखापत झाली तर खर्च कोण करणार आणि जागा राहणार का, हे लेखी मागा. निवडीसाठी कुणी पैसे मागितले तर तिथेच थांबा. जन्मतारखेत ‘थोडं अ‍ॅडजस्ट करू’ म्हणणाऱ्याला तर घरातही घेऊ नका. मनगटाच्या एक्स-रेवरून हाडाचं वय तपासतात, पकडलं गेलं की बंदी मुलावर येते, सल्ला देणाऱ्यावर नाही.

घरी परतताना पहिला प्रश्न ‘किती पॉइंट?’ हा नको. ‘भूक लागली का?’ पुरे. खेळाबद्दल बोलायचंच तर दुसऱ्या दिवशी, आणि तेही तुझ्या पासवर कुणी बास्केट केली, याबद्दल. मोबाइलवरची क्लिप लगेच पुढे ढकलू नका, खातं पालकांच्या हाती ठेवा. सामन्याच्या दिवशी सकाळी पोट दुखणं, प्रत्येक शॉटनंतर बाबांकडे बघणं, हातात आलेला बॉल लगेच दुसऱ्याकडे देऊन टाकणं ही लक्षणं ओळखा. दिसली की पंधरा दिवस सुट्टी, आणि त्यात खेळाचा विषयच नाही. २०१६ मध्ये कल्याणच्या प्रणव धनावडेने शालेय क्रिकेटमध्ये नाबाद १००९ धावा केल्या. पुढच्या वर्षी फॉर्म गेल्यावर मुंबई क्रिकेट संघटनेची मासिक शिष्यवृत्ती त्याच्या वडिलांनी स्वतःहून थांबवायला सांगितली. अशा वेळी असं पाऊल उचलणाऱ्या बापाबद्दल मला खूप आदर वाटतो.

आणि मंडळाने सत्कार ठरवलाच असेल, तर पूर्ण संघाचा करायला सांगा, बाकावरच्या मुलांसकट. फ्लेक्सच्या पैशांत काय आणायचं तेही सांगून ठेवा. नायलॉनच्या दोन जाळ्या, कारण लोखंडी साखळीची जाळी खाऱ्या हवेत गंजते. एक ६ नंबरचा बॉल मुलींसाठी, एक ७ नंबरचा मोठ्या मुलांसाठी. दोन ताठ खराटे आणि ब्लीचिंग पावडर: ओल्या कोर्टवर पसरून पंधरा-वीस मिनिटं ठेवायची, घासायचं, भरपूर पाण्याने धुवायचं. श्रावणातली उघडीप मिळाली की सगळ्यांनी मिळून एका सकाळी हे उरकता येतं.